तीन वर्षं निथळलेलं मीठ

सकाळी सव्वासात वाजता युन-ओक बाल्कनीत वाळत घातलेला मोजा शोधायला गेली, आणि मोजा जिथल्या तिथे राहिला. मिठाच्या पोत्याखाली ठिबक धरायला ठेवलेल्या निळ्या घमेल्यातलं पाणी गुलाबी झालं होतं. नुसती छटा नव्हे. लग्नघरात सरबत करून ठेवावं आणि वऱ्हाड यायचंच राहून जावं तसं, काठापर्यंत, निवांत, गुलाबी. बाराव्या मजल्यावरच्या काचेतून ऊन सरळ त्यावर पडलं होतं. ती एका पायात मोजा घालून उभी राहिली. भीती वाटली नाही. उलट माहेरच्या बेटावरचं कुणी चिखलाच्या पायांनी कचेरीच्या दारात येऊन उभं राहावं आणि सगळ्यांदेखत लहानपणीच्या नावानं हाक मारावी, तसं ओशाळल्यासारखं झालं. त्या पाण्यातल्या जिवांना ती ओळखत होती.

"आलं! आलं गं बाई, घरात आलं!" मागून सासूबाई ओरडल्या. सासूबाईंचं वय एक्याऐंशी. फोनची घंटा त्यांना ऐकू येत नसे, पण शेजारच्या घरी कोणत्या भांड्यावरचं झाकण उचललं ते बरोबर ऐकू येई.

"काय आलं, आई?"

"ते! टीव्हीवरचं! समुद्रातून पोत्यात, पोत्यातून घमेल्यात. आता घमेल्यातून माझ्या गुडघ्यात शिरायला कितीसा वेळ?"

"तिकडे अजून एक थेंबही सोडलेला नाही."

"मग हे काय आहे? धुण्याची पावडर?"

"हे जिवंत आहे," युन-ओक म्हणाली, आणि म्हटल्याबरोबर तिला कळलं, की म्हाताऱ्या बाईला धीर द्यायला याहून वाईट वाक्य शोधून सापडलं नसतं. ती दुसरा मोजा घालून खाली उतरेपर्यंत इमारतीतल्या बायकांच्या फोनवरच्या गटात घमेल्याचे सात फोटो येऊन पडले होते. सहा दुसऱ्यांच्या घरचे होते.

त्या उन्हाळ्यात मोकपो शहराला मिठाचं वेड लागलं होतं. पूर्वेकडे, समुद्रापलीकडच्या देशात मोडलेल्या अणुभट्टीचं पाणी समुद्रात सोडणार अशी बातमी आली आणि पाणी सुटायच्या आधीच दुकानांतलं मीठ सुटलं. ज्यांनी जन्मात कधी कोबी मिठात मुरवून किमची घातली नव्हती त्यांनी चार पिढ्यांची तरतूद केली. बंदराजवळच्या एका न्हाव्यानं म्हणे खुर्च्या काढून पोती रचली आणि गिऱ्हाइकांना पोत्यावर बसवून दाढ्या केल्या. हे सांगणाऱ्याची दाढी मात्र आठवडाभराची वाढलेली होती. युन-ओक बंदरावर किरणोत्सर्ग मोजायच्या सरकारी तपासणी खोलीत कामाला होती. तिथे शिशाच्या जाड भिंतींची एक विहीर होती, उखळीएवढी. तिच्यात मासा, शेवाळ, मीठ, जे असेल ते डबीत भरून ठेवायचं, झाकण लावायचं, अर्धा तास थांबायचं आणि कागदावर आलेलं वाचायचं. वीस वर्षं कागदावर बहुधा एकच ओळ येत होती: आढळलं नाही. पूर्वी ही ओळ कुणी वाचत नसे. आता लोक ती फोटो काढून आपल्या आईला पाठवत. इमारतीतल्या बायका तिला तपासणीताई म्हणू लागल्या आणि महिला मंडळाच्या मेंगबाईंनी एक दिवस लिफ्टमध्येच तिला गाठलं. "तपासणीताई, तुमचा भाऊ मिठागरवाला ना? मग आम्ही काय बाजारातलं घाण खायचं?" युन-ओक हो म्हणाली. नुसतं हो म्हणाली नाही, म्हणाली, "माझा भाऊच आहे, खात्रीचं." दहा दिवसांत बेटावरून टेम्पो आला. घराघरांत पोतं गेलं, प्रत्येकावर निळ्या शिक्क्यात: तीन वर्षं निथळलेलं.

बसमध्ये तिला बसायला जागा मिळाली, हेच चुकलं. उभं असलं की माणूस पडू नये म्हणून धडपडतं, डोकं रिकामं राहतं. बसल्यावर ती त्या घमेल्यात गेली. त्या जिवांना डोळे नाहीत, पण उजेडाचं नाक आहे म्हणा. नारिंगी, मऊ उजेडाचा वास आला की ते तिकडे पोहत जातात. निळा-जांभळा, भाजणारा उजेड आला की पाठ फिरवतात. अंगावर जांभळे ठिपके असतात, त्यांवर ऊन पडलं की त्यांचं पोट भरतं, झाडापानांसारखं नव्हे, आपल्याच एका आडमुठ्या रीतीनं. दुसऱ्या कुणाचा क्षणभर निभाव लागणार नाही अशा खारात त्यांचा संसार. पाणी पार आटलं तर मिठाच्या खड्याच्या पोटात जो थेंब अडकतो, त्यात ते बसून राहतात, वर्षानुवर्षं, कुणाला न सांगता. हे तिनं पुढे तेजॉनला विद्यापीठात शिकून घेतलं. पण त्याआधी, नऊ वर्षांची असताना, बाबांनी मिठागराच्या वाफ्यातलं पाणी वाडग्यात काढून तिच्यापुढे धरलं होतं. पाणी लाल होतं. "बघ, ऊन पिऊन बसलंय," बाबा म्हणाले होते. "असं पाणी लाल झालं की मीठ लवकर येतं." बाबा मीठ केलं असं कधी म्हणत नसत, मीठ आलं म्हणत, पाहुणा आल्यासारखं. ते खरंच होतं, लाल पाणी जास्त तापतं, लवकर आटतं, हे नंतर तिनं पुस्तकात वाचलं आणि तिला बाबांचा अभिमान वाटण्याऐवजी पुस्तकाचा राग आला होता. बेटावरची इतर मुलं लाल पाण्याला रक्त म्हणून घाबरत. दल-सू, तिचा धाकटा भाऊ, त्यांना सांगे की आमच्या वाफ्यात एक ड्रॅगन दर उन्हाळ्यात दाढ काढून घ्यायला येतो. मुलं दाढ बघायला येत. दल-सू त्यांच्याकडून एकेक भाजलेलं रताळं घेई आणि आज ड्रॅगनला सुट्टी आहे म्हणून सांगे.

हसू ओठाशी आलं आणि तिथेच थांबलं. बस पुलावर होती. रंगाचं काहीच नव्हतं. रंग उन्हाळ्यात येणारच. पण घमेलं भरलेलं होतं. काठोकाठ. आणि सासूबाई चार-पाच दिवसांपूर्वीच म्हणाल्या होत्या, तिसऱ्यांदा रिकामं केलं गं मी, माझी कंबर गेली. तीन वर्षं कोठारात फळ्यांवर रचून ठेवलेल्या मिठातलं कडू पाणी केव्हाच ठिबकून गेलेलं असतं. पावसाळी हवेत त्याला थोडा घाम येतो, वाटीभर, त्याहून जास्त नाही. ज्या मिठाचं घमेलं चार-पाच दिवसांत भरतं ते मीठ यंदाचं असतं. याच वसंतातलं, वाफ्यातून उचलून पोत्यात घातलेलं. बाबांच्या कोठारात कुणी वेळेआधी मीठ मागायला आलं तर बाबा हात जोडत: "अजून रडतंय. रडणाऱ्याला घराबाहेर काढू नये." लोक हसत, आणि पुढच्या वर्षी येत. युन-ओकनं खिडकीच्या काचेला कपाळ टेकलं. बारा मजले, इमारतभर घमेली, आणि सगळ्यांत ते पाणी. बायकांना वाटत होतं पाण्यात विष आहे. पाण्यात फक्त दल-सू होता.

तपासणी खोलीत सहा डब्या तिची वाट बघत होत्या. तिनं आपल्या घरच्या पोत्यातलं मीठ मागच्याच महिन्यात तपासलं होतं, पहिल्या दिवशी, मेंगबाईंच्या समाधानासाठी. कागद मंडळाच्या फलकावर लावलेला होता, तिच्या सहीचा. आढळलं नाही. खरंच आढळलं नव्हतं. यंत्राला विचारलं तेवढंच यंत्र सांगतं. मिठाचं वय किती, असं कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी त्या विहिरीला ते कळलं नसतं. जेवणाच्या सुट्टीत ती इमारतीमागे गेली, जिथे कुणीतरी दोरीवर मासे वाळत घातले होते, आणि तिनं फोन लावला.

"ताई! अगं काय सांगू, एवढे लोक येतायत, काल एक माणूस शवपेटीच्या गाडीतून मीठ न्यायला आला. मी म्हटलं, आत कुणी आहे का? तर म्हणाला, आजोबा आहेत, पण ते सरकून बसतील."

"दल-सू, आमच्याकडे पाठवलेलं मीठ कधीचं?"

पलीकडे वारा ऐकू आला. मिठागरावरचा वारा, तो तिला शंभर वाऱ्यांतून ओळखता आला असता.

"शिक्का आहे ना त्यावर."

"शिक्का मी वाचलाय. मी मिठाचं विचारतेय."

"जुनं पहिल्याच आठवड्यात संपलं," दल-सू म्हणाला. गोष्टी सांगतानाचा त्याचा आवाज गेला होता. "धक्क्यावर रांग लागली होती, ताई. म्हाताऱ्या बायका रडत होत्या. मी काय कोठाराला कुलूप लावू? दिलं. सगळं दिलं. मग तुझा फोन आला, इतकी पोती हवीत म्हणून. तू आजवर माझ्याकडे कधी काही मागितलंस? एकदा तरी? आणि मी काय म्हणू, नाही? तुझ्या त्या बायकांसमोर तुझं नाक कापलं असतं."

"म्हणून शिक्का मारलास."

"त्यांना वर्षं हवी होती का? त्यांना बिनविषाचं मीठ हवं होतं. ते मी दिलं. जरा कडू लागेल. तीन वर्षं ठेवलं घरी की होईल तीन वर्षांचं. खोटं काय त्यात, जरा आधी बोललो इतकंच."

एरवी तिला हसू आलं असतं. "आज संध्याकाळी बायका मला बोलावणार आहेत," ती म्हणाली. "पाणी गुलाबी झालंय."

"मग सांग ना त्यांना खरं. ते तुझे लाल किडे आहेत म्हणून सांग. तूच तर त्यांच्यावर पदवी घेतलीस." तो थांबला. "मी फावडं ओढलं, तू त्यांच्यावर पदवी घेतलीस." हे तो रागानं म्हणाला नाही. उगाच, जुनी हकिकत सांगावी तसं म्हणाला, आणि त्यामुळेच ती फोन ठेवल्यावरही तिथेच, माशांच्या दोरीखाली, उभी राहिली.

तेजॉनला ती काचेच्या नळ्या कोबाल्टच्या किरणांखाली ठेवत असे. हजार माणसं मरतील एवढा मारा एकेका नळीवर. लाल रंग हा त्यांचा रंग नव्हेच, छत्री आहे. पहिला तडाखा तो अंगावर घेतो. तरीही आतला धागा, ज्यावर त्यांचं सगळं लिहिलेलं असतं, तो तुटतोच, बारीक बारीक तुकडे होतात, चाळणीतून पडल्यासारखे. पण प्रत्येकाजवळ त्याच लिखाणाच्या पुष्कळ प्रती असतात, आणि सगळ्या प्रती वेगवेगळ्या जागी फाटलेल्या. मग ते रात्रभर बसून एकीचा तुकडा दुसरीच्या तुकड्यावर ठेवून जुळवतात. सकाळी धागा अखंड. तिनं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. संध्याकाळच्या चित्रात नुसता धुरकट चुरा, सकाळच्या चित्रात एक स्वच्छ, जाड रेघ. ती रेघ बघून ती एकटीच खोलीत टाळ्या वाजवत होती तेव्हा दल-सूचा निरोप आला. बाबा गेले. पावसाचं चिन्ह दिसलं म्हणून वाफ्यातलं आटून दाट झालेलं पाणी बुटक्या छपराखालच्या खड्ड्यात सोडायला ते वाकून आत गेले आणि बाहेर आलेच नाहीत. पुढे ती हे तुकडे जुळवत राहिली. आईची प्रत: ते सकाळपासून गप्प होते. शेजाऱ्याची प्रत: गाणं म्हणत आत गेले. दल-सूची प्रत दर वर्षी बदलत असे; एका वर्षी बाबांच्या पापण्यांवर मिठाचे खडे होते, पुढच्या वर्षी ते हसत होते, एकदा तर त्यांनी दल-सूला डोळा मारला होता. ती सगळ्या प्रती एकमेकींवर ठेवून बघे. जुळत नसत. त्या किड्यांच्या प्रती वेगवेगळ्या जागी फाटत, म्हणून बऱ्या होत. हिच्याजवळच्या सगळ्या प्रती एकाच जागी फाटलेल्या होत्या: तिथे ती नव्हती. तिथे एकोणीस वर्षांचा दल-सू होता, ज्यानं बाबांना बाहेर ओढून काढलं, आणि मग, पाऊस आलाच होता म्हणून, परत जाऊन उरलेलं पाणी आत सोडलं. एकट्यानं. त्या पाण्याचं मीठ आलं, आणि त्यावर तिच्या शिक्षणाचं शेवटचं वर्ष झालं.

दुपारभर तिनं डब्या ठेवल्या आणि काढल्या. आढळलं नाही. आढळलं नाही. तिला वाटलं, निळा उजेड आला की पाठ फिरवायची एवढंच आपल्याला येतं. बेटाकडे पाठ, मग विद्यापीठाकडे पाठ, मग या शिशाच्या विहिरीशेजारी वीस वर्षं. आजही काही बोलायची गरज नव्हती. बायका एकच प्रश्न विचारणार होत्या, आणि त्याचं उत्तर खरं होतं. खरं उत्तर देऊन घरी यायचं. दल-सूचा उन्हाळा निघून जाईल, आई बेटावर मान वर करून फिरेल, मीठ बाल्कन्यांत ठिबकत ठिबकत आपोआप शहाणं होईल. कुणाचं काय बिघडणार होतं? किमची जरा कडवट झाली असती, भाजी लवकर लिबलिबली असती. दोष कोबीला दिला असता. हे सगळं पटत होतं, आणि पटत असतानाच तिनं एकाच डबीचं झाकण दुसऱ्यांदा काढून लावलं.

सहा वाजता तळमजल्यावरच्या ज्येष्ठांच्या खोलीत मंडळ भरलं. बाहेर अजून लख्ख ऊन होतं. बायकांनी आपापली घमेली आणली होती, लिफ्टमध्ये हिंदकळून निम्म्या जणींच्या चपला गुलाबी झालेल्या. मधोमध टेबलावर घमेली मांडली होती आणि भोवती सगळ्या हात बांधून उभ्या होत्या, जणू आतून कुणी उठून नाव सांगणार होतं. युन-ओकनं कचेरीतून हातात धरायचं छोटं यंत्र आणलं होतं. तिनं ते आधी भिंतीजवळ धरलं, मग एकेका घमेल्यावर. आकडा दोन्हीकडे सारखाच.

"म्हणजे भिंतीलाही लागण झालीय?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, म्हणजे कशातच काही नाही. हे साधे जीव आहेत, मिठागरातले. मिठात नेहमीच असतात. ओलावा आणि ऊन मिळालं की वाढतात. रंग त्यांचाच."

"किडे?" कुणीतरी किंचाळलं.

"किड्यांहून फार लहान. आणि तुम्हाला काही करत नाहीत. तुम्ही ज्या किरणांना घाबरताय ना, त्यांत हजार माणसं मेली तरी हे मरत नाहीत."

मेंगबाईंनी टाळी वाजवली. "ऐकलंत? किरणांनी मरत नाहीत! आणि आपण ते खाणार!" खोलीचा चेहराच बदलला. एक म्हणाली, म्हणजे औषधच की. दुसरी म्हणाली, माझ्या नणंदेला एक पोतं पाठवते, तिचं थायरॉईड आहे. तिसरीनं घमेल्यात बोट बुडवून जिभेला लावलं, तोंड कडू केलं आणि तरी म्हणाली, जिवंत चव आहे हो. "तीन वर्षं!" मेंगबाई घमेल्याकडे अशा बघत होत्या जशी नात बघावी. "तीन वर्षं कोठारात बसून निथळलं, तरी जिवंत! असं मीठ या शहरात दुसऱ्या कुणाकडे आहे? तपासणीताई, तुमच्या भावाला सांगा, पुढच्या आठवड्यात आणखी हवंय. आणि एक कागद द्या तुमच्या सहीचा, हे सगळं लिहून. फलकावर लावते."

कागद. युन-ओकला वाटलं खोलीतलं ऊन एकदम निळं झालं. तिचं खरं उत्तर हातोहात पुढे गेलं होतं आणि कोपऱ्यावर खोटं होऊन उभं होतं, तिची सही मागत. तिला दारातून निघून जाता आलं असतं. पर्समध्ये यंत्र टाकायचं, गुडघे दुखतात म्हणायचं. तिनं यंत्र टेबलावर ठेवलं.

"वर जाऊन मूठभर मीठ आणा," ती म्हणाली. "प्रत्येकीनं, आपापल्या पोत्यातलं."

"कशाला?"

"आणा तर."

लिफ्ट चार वेळा खाली-वर गेली. बायका मुठी घेऊन आल्या, हसत, लहान मुलींसारख्या रांगेत. "आवळा," युन-ओक म्हणाली. "जोरात. आता हात उलटा करा आणि मूठ उघडा. तीन वर्षं निथळलेलं मीठ हाताला चिकटत नाही. वाळूसारखं सगळं खाली पडतं."

मुठी उघडल्या. थोडे खडे टेबलावर पडले, टपटप. बाकी मीठ तळव्यांना ओल्या पिठासारखं धरून राहिलं. बायकांनी हात झटकले. पुन्हा झटकले. कुणी कुणाकडे बघत नव्हतं, सगळ्या आपापल्या हाताकडे बघत होत्या. युन-ओकनं स्वतःचा हातही उलटा धरला होता. तिच्याही पोत्यातलं होतं.

"हे यंदाचं आहे," ती म्हणाली. "भावानं शिक्का खोटा मारला. मला आज सकाळी कळलं. खात्रीचं असं मीच म्हणाले होते."

मेंगबाईंचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. "म्हणजे तुमच्या घरच्यांनीच..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "आणि आम्ही काय शोधत होतो त्यात यंत्र लावून!" कुणीतरी म्हणालं, उद्याच्या उद्या न्यायला सांगा. कुणीतरी म्हणालं, बहीण-भाऊ दोघे मिळूनच असतील. ते युन-ओकच्या पाठीमागे म्हटलं गेलं, पण मुद्दाम ऐकू येईल असं. सासूबाई तेवढ्या टेबलाशी बसून तळवा बोटानं खरवडत होत्या. "तीन वर्षं लागतात ना निथळायला?" त्या म्हणाल्या. "मग माझं पोतं राहू दे. तोवर मी आहे."

लिफ्टमध्ये तिनं दल-सूला फोन लावला आणि सांगितलं. सगळं, मुठींसकट. आधी तिला वाटलं फोन तुटला, पण वारा ऐकू येत होता.

तो सकाळी पहिल्या बोटीनं आला. टेम्पो इमारतीसमोर लावून तो उतरला, तिच्याकडे न बघता. दाढी वाढलेली, टोपी डोळ्यांपर्यंत. बायकांनी पोती ढकलगाडीतून दाराशी आणून ठेवली होती. काही जणी उभ्या राहून बघत होत्या, काही पडद्याआडून. त्यानं प्रत्येकीसमोर कमरेत वाकून मान खाली घातली, एकही गोष्ट सांगितली नाही. एका मुलानं विचारलं, काका, या मिठात खरंच किडे आहेत? दल-सूनं तोंड उघडलं, आणि मिटलं. ते बघून युन-ओकला कालपासून पहिल्यांदा रडू आलं. पोतं वीस किलोचं. तो एकटाच उचलून फळीवर टाकत होता. सातव्या-आठव्या पोत्याला त्याचा श्वास वाजू लागला. ती पुढे झाली आणि तिनं पोत्याची दुसरी बाजू धरली. कडू पाणी दोघांच्या बाह्यांवरून कोपरांपर्यंत ओघळत होतं, चुरचुरत होतं. असं किती वेळ चाललं कोण जाणे; ऊन वर आलं, टेम्पो खाली बसला. शेवटच्या पोत्यावरचा निळा शिक्का अर्धा पुसला होता. दल-सू त्याच्याकडे बघत राहिला.

"यंदापासून पोत्यांवर वर्ष तू लिहीत जा," तो म्हणाला. "तुझं अक्षर चांगलं आहे."

टोमणा होता की आणखी काही, तिला त्याच्या आवाजावरून कळलं नाही. तोंड टोपीखाली होतं. पोतं अजून दोघांच्या हातांत होतं, आणि त्यानं आपली बाजू उचलली, म्हणून तिनंही उचलली.